डेन्मार्क की अल्बेनिया: ज्यूंना वाचवणारे दोन छोटे देश

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीच्या ताब्यात असलेल्या डेन्मार्कची गोष्ट बऱ्याच जणांना माहितीये. १९४३ च्या सप्टेंबर अखेरीस डकविट्झ या जर्मन अधिकाऱ्यानेच ज्यूंच्या धरपकडीची बातमी आधी फोडली आणि मग काही आठवड्यांत ७ हजारांवर ज्यू, मच्छीमारांच्या होड्यांतून, समुद्र ओलांडून स्वीडनला पोचले. काही होडीवाल्यांनी भरपूर पैसे घेतले हे खरंय, पण पकडले जायची भीती त्यांनाही होतीच ना. तरी जवळपास ४७० जण सापडले, त्यांना नाझींच्या थेरेझिनश्टाटच्या छावणीत नेलं.

मुस्लिमबहुल अल्बेनियाचं वेगळं. तिथे मुळात ज्यू होते जेमतेम २००, बाकीचे जर्मनी, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हियातून जीव घेऊन आलेले, म्हणजे पूर्ण परके, भाषाही वेगळी. आणि पलीकडे स्वीडनसारखा सुरक्षित किनारा नव्हता, त्यामुळे लपवायचं तर स्वतःच्याच घरात, तेही महिनोन्‌महिने. लोकांनी त्यांना गावातले कपडे दिले, मुस्लिम नावं दिली, पाहुणे म्हणून सांभाळलं. 'बेसा' म्हणतात तिथे, म्हणजे दिलेला शब्द, पाहुण्याला काही झालं तर घराची अब्रू गेली. जर्मनांनी ज्यूंच्या याद्या मागितल्या तर त्या दिल्या नाहीत, आणि युद्ध संपलं तेव्हा देशात ज्यू आधीपेक्षा कितीतरी जास्त होते!

मला विचाराल तर डेन्मार्कचं नियोजन, वेग जबरदस्तच, पण मन अडकतं ते अल्बेनियात. नंतर कम्युनिस्ट राजवटीत देश बंद पडला आणि ज्यूंना लपवणारी ही माणसं कोण हे जगाला १९९० नंतरच नीट कळलं.