शिवभोजन थाळी: भाजीवाल्याने खाल्लेली भाजी

३१ वर्षं झाली भाजी विकतोय. पहाटे साडेचारला नाशिकला पंचवटीच्या मार्केट यार्डात, आठच्या आत गाडी लावून तयार. जेवण घरच्या डब्यातलं. मंगळवारी बायको लग्नाला गेली होती, म्हणून डबा नव्हता. शेजारच्या लिंबूवाल्याला गाडीवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या शिवभोजन केंद्रावर गेलो. पाच-सहा वर्षं रोज समोरून जातोय, आत पाय पहिल्यांदाच टाकला.

बचत गटाच्या बायका केंद्र चालवतात. १० रुपये दिले. ताईंनी नाव आणि मोबाइल नंबर विचारला, मग मोबाइलवर फोटो काढला. "काका, इकडं बघा." जेवणाआधी फोटो म्हटल्यावर जरा ओशाळल्यासारखं झालं. पण माझ्या मागं उभा असलेला हमाल केस सारखे करून उभा राहिला, तेव्हा म्हटलं चालायचंच.

ताटात दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण, भात. सरकारी माप म्हणजे चपाती ३० ग्रॅमची, भाजी १०० ग्रॅम, भात १५०, वरण १००. चपाती मऊ होती, पण माझ्यासारख्याला दोन घासांत संपते. वरण पातळ, फोडणी मात्र लसणाची आणि खमंग. भात मोकळा. एकूण पोट भरतं ते भातानंच.

आता भाजी. कोबी-बटाटा. पहिल्याच घासाला कळलं, बटाटा कोल्ड स्टोरेजचा, गोडसर लागत होता. कोबी जाड चिरलेला, दांडा सुद्धा घातलेला. त्या पहाटे कोबीला यार्डात कुणी विचारत नव्हतं, गाड्यांवर गाड्या उतरल्या होत्या. म्हणजे ताईंनी जो माल पडला तोच उचलला. यात नाव ठेवण्यासारखं काही नाही, मीसुद्धा तेच केलं असतं. शहरात थाळीमागं सरकार ४० रुपये देतं, त्यात गॅस, तेल, डाळ, पगार सगळं बसवायचं. तेवढ्यात गवार-भेंडी कोण खाऊ घालणार? फक्त दांडा बारीक चिरा, एवढंच म्हणणं.

भिंतीवर छगन भुजबळांचा फोटो होता. आमच्या धंद्यातला माणूस. भायखळ्याच्या मंडईत भाजी विकायचे. १९७३ ला नगरसेवक, १९८५ ला मुंबईचे महापौर आणि त्याच वर्षी माझगावचे आमदार. १९९१ मध्ये शिवसेना सोडली आणि १९९५ ला त्याच माझगावात सेनेच्या बाळा नांदगावकरांकडून पडले. २००४ पासून आमच्या जिल्ह्यात, येवल्यातून पाच वेळा निवडून आलेत. मधे २०१६ ते २०१८ तुरुंगवारीही झाली. दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकामाच्या प्रकरणात २०२१ ला कोर्टानं दोषमुक्त केलं.

मला गंमत वाटते ती वेगळीच. १० रुपयांत जेवण हे २०१९ च्या निवडणुकीत शिवसेनेनं दिलेलं वचन. सरकार आलं आणि अन्न व नागरी पुरवठा खातं मिळालं भुजबळांना. म्हणजे सेना सोडून गेलेल्या माणसाच्या हातून सेनेची थाळी वाढली गेली, २६ जानेवारी २०२० ला. लॉकडाऊनमध्ये ती ५ रुपयांवर आली, २०२१ ला काही महिने फुकट होती. पुढं मुख्यमंत्री बदलले. पण ठाकरे, शिंदे, फडणवीस, तिघांच्याही मंत्रिमंडळात भुजबळांकडं हेच खातं आलं. गिऱ्हाईक बदललं तरी गाळा सोडायचा नाही, ही मंडईची सवय.

राजकारण मला फार कळत नाही. पण ग्रॅमात मोजलेली वाटी बघितली की वाटतं, हे माप काटा धरलेल्या माणसालाच सुचावं. खरं तर कुठल्यातरी साहेबानंच ठरवलं असेल.

तर, हमाल, रिक्षावाले, सिव्हिलला पेशंट घेऊन आलेली माणसं, यांनी जरूर जावं. बारा ते दोनच्या आत जा. पावणेदोनला गेलात तर थाळ्या संपलेल्या असतात. पाण्याचा ग्लास स्वतःच विसळून घ्या. लोणचं खिशात असेल तर काढा, कुणी काही म्हणत नाही. मी पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा कापला तो त्या दांड्यासाठी.

निघताना ताईंना कोबीचं बोललोच. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच द्या ना चांगला माल, त्याच भावात." रोज दहा-बारा किलो लागतं. गुरुवारपासून गिलके आणि डांगर मी देतोय, रोखीनं. तेव्हा यापुढं तिथल्या भाजीबद्दल मला विचारू नका.