पडीक वाडी: आपोआप वाढणारे रान की मियावाकी लागवड?

वसईतील एका परिचितांची नारळ, सुपारी आणि केळीची वाडी कसणारे कोणी न उरल्याने पडीक झाली आहे. तिथे मियावाकी पद्धतीने, म्हणजे देशी झाडे अगदी दाट लावून झटपट जंगल उभे करण्याच्या जपानी पद्धतीने, झाडे लावावीत की वाडी तशीच सोडावी, असा पेच त्यांना पडला आहे.

खर्चात तर तुलनाच होत नाही. मियावाकीत दर चौरस मीटरला ३ ते ५ रोपे, मातीची मशागत आणि पहिली २-३ वर्षे पाणी व खुरपणी लागते. सोडलेल्या वाडीला मुख्यतः कुंपण आणि राखण पुरते.

वैविध्याचा मुद्दा अधिक नाजूक आहे. जुन्या माडाच्या बुंध्याशी वाकून पाहिले, तर बुलबुल आणि वटवाघळांच्या विष्ठेतून रुजलेली उंबराची, भोकराची रोपे दिसतात, म्हणजे उभी झाडेच पाखरांना बसायला जागा देऊन पेरणी करवून घेतात. मात्र आसपास देशी झाडे नसतील, तर घाणेरी, रानमोडी आणि सुबाभूळ जागा बळकावतात आणि ती फुलोऱ्याआधी उपटण्याचे कष्ट चुकत नाहीत.

बावखल (वाडीतले पारंपरिक गोड्या पाण्याचे तळे) शाबूत असलेल्या, शेजारी जुने वड-उंबर असलेल्या वाडीत रान आपोआप वाढू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भरावाखाली माती गेलेल्या किंवा लवकर दाट आडोसा हवा असलेल्या लहान तुकड्यासाठी मियावाकी योग्य ठरेल.