टेरेन रेटिंगवर किती विसंबावं? मिनेसोटातल्या जिओकॅशिंगचा अनुभव

बर्फ वितळल्यापासून पुन्हा तळी गोठेपर्यंत मिनियापोलिसच्या आसपास जिओकॅश, म्हणजे कुणीतरी लपवलेल्या आणि GPS वरून शोधायच्या डब्या, शोधल्यावर हे लिहितोय. टेरेनचा, म्हणजे डबीपर्यंतची वाट किती अवघड ते सांगणारा आकडा 1 ते 5, मध्ये अर्ध्याच्या पायऱ्या. 1 म्हणजे व्हीलचेअरवरून पोचता येईल अशी जागा, 5 म्हणजे होडी, दोर असं खास साहित्य लागणारच. पद्धत सुटसुटीत आहे आणि बहुतेक वेळा खरीही ठरते. पण आकडा एकच, आणि तो कोणत्या महिन्याचा ते कळत नाही.

तळ्यातल्या बेटावरची डबी घ्या. जुलैत तिला 5 रास्तच, कयाकशिवाय गत्यंतर नाही. जानेवारीत लोक गोठलेल्या पाण्यावरून चालत जातात आणि डबीतल्या लॉगबुकवर, म्हणजे नोंदवहीत, सही करून येतात. म्हणून ती सोपी झाली असं मी मुळीच म्हणणार नाही. पायी चालायला निदान 4 इंच नवा, पारदर्शक बर्फ हवा, असं राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं सांगतं. पांढऱ्या बर्फाची ताकद त्याच्या निम्मीच. शिवाय ओढा येऊन मिळतो तिथे थर पातळ असतो. यातलं काहीच त्या 5 मध्ये दिसत नाही.

रानातल्या 2 च्या डब्यांना एप्रिलमध्ये जावं. चिखल असतो, पण झाडोरा वाढलेला नसतो. जूनमध्ये त्याच वाटेवर गोचिडी आणि अंगाला खाज आणणारी पॉइझन आयव्ही. सह्याद्रीत फिरलेल्यांना हे पटकन कळेल: डिसेंबरात सोपा वाटलेला गड श्रावणात शेवाळलेल्या पायऱ्यांमुळे वेगळाच होतो.

मी आता आकड्याआधी अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे डबीच्या माहितीतली छोटी चिन्हं, बघतो, विशेषतः हिवाळ्यात सापडेल असं सांगणारं हिमकणाचं चिन्ह. मग मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यातले लॉग, म्हणजे शोधणाऱ्यांच्या नोंदी, वाचतो. फेब्रुवारीत जायचं तर ऑगस्टच्या कौतुकाचा काय उपयोग?

डबी लपवणाऱ्या मालकांनी दर मोसमाला रेटिंग बदलावं, असं मात्र मला वाटत नाही. डिफिकल्टी (डबी शोधणं किती कठीण ते) आणि टेरेन या आकड्यांच्या 81 जोड्या पुऱ्या करणाऱ्यांचा तक्ता त्याने विस्कटतो. वर्णनात दोन ओळी पुरतात. 1 च्या डब्यांना तर त्या हव्यातच. बागेतला उतार बर्फाने भरला की व्हीलचेअरवरचा माणूस वाहनतळावरूनच परत फिरतो. तो रस्ता हिवाळ्यात साफ करतात की नाही, एवढं तरी लिहा.