गाडीत स्टिरिओ बसवताना माझे २५,८०० रुपये कसे गेले

गेल्या वर्षी आम्ही घेतलेली गाडी बेस मॉडेल असल्याने तिच्यात कंपनीचा स्टिरिओ नव्हता, आणि दिवाळीत कोकणात जायचे असल्यामुळे तो बाहेरून बसवून घ्यायचे मी ठरवले. मी बेसावध गेलो नव्हतो, हे आधीच सांगतो. पिवळी तार बॅटरीच्या कायम पुरवठ्याची, लाल चावीबरोबर सुरू होणारी आणि काळी अर्थिंगची, हे मी वाचून ठेवले होते. मूळ तारा न कापता कपलर (गाडीच्या मूळ प्लगमध्ये थेट बसणारा जोड) लावूनच काम करायचे, ही अटही दुकानदाराला फोनवर दोनदा सांगितली होती. ४ जीबी रॅम व ६४ जीबी स्टोरेजचा अँड्रॉइड स्टिरिओ १२,५००, फ्रेम १,२००, कपलर ७००, मागचा कॅमेरा १,४०० आणि मजुरी ८००, असे १६,६०० रुपये ठरले.

काम सुरू होण्याआधीच त्याने पूर्ण रक्कम मागितली. क्यूआर कोड स्कॅन केला, तेव्हा दुकानाऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव आले, आणि विचारल्यावर ‘भावाचं खातं आहे, साहेब’ असे उत्तर मिळाले. तेथेच मी थांबायला हवे होते. शंका आली होती, पिन टाकायचा बाकी होता. पण मागे दोन गाड्या खोळंबलेल्या, मुलगा कंटाळलेला, आणि एवढ्यावरून चारचौघांत एखाद्यावर अविश्वास दाखवणे मला बरे वाटले नाही. पावती म्हणून मिळाला तो ‘एस्टिमेट’ छापलेला कागद. त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना स्टिरिओचा अनुक्रमांक. असा कागद घेऊच नका. नंतर त्याने आम्हाला चहाला पाठवले, आणि आम्ही गेलो. डॅशबोर्ड उघडलेला असताना गाडीजवळून हलू नका.

चौथ्या दिवशी गाडी सुरूच होईना. सर्व्हिस सेंटरमध्ये पॅनल काढले, तर आत कपलर नव्हताच. मूळ प्लग कापून लाल व पिवळी तार एकत्र पिळून कायम पुरवठ्याला जोडली होती, त्यामुळे चावी काढली तरी स्टिरिओ बॅटरी खात राहिला. वायरिंगची वॉरंटी नाकारली गेली आणि दुरुस्तीचे ९,२०० रुपये भरावे लागले. स्टोरेजही प्रत्यक्षात १६ जीबीच निघाले. सेटिंगमधील आकडे सॉफ्टवेअरने खोटे दाखवता येतात, म्हणून पैसे देण्यापूर्वी मोठ्या फाइल्स भरून त्या उघडून पाहा.

पोलीस चौकीत पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी हा दिवाणी वाद आहे, ग्राहक आयोगाकडे जा, असे सांगून साधा अर्जही घेतला नाही. बँकेने पिन तुम्हीच टाकला म्हणून हात वर केले. सायबर विभागात, दुकानात समोरासमोर झालेला व्यवहार आमच्याकडे येत नाही, असे ऐकवले. एक माणूस बिल न देता दुसऱ्याच्या खात्यात गिऱ्हाइकांचे पैसे घेतो, हे तिन्ही ठिकाणी मी सांगितले, आणि तिन्ही ठिकाणी ते कोणी लिहूनसुद्धा घेतले नाही. माझ्या तीन रजा यात गेल्या. नोकरदार माणसाने आणखी किती खेपा घालायच्या?

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही, हे मला कोणत्याही कार्यालयाने सांगितले नाही. तक्रार आता मी स्वतःच लिहिली आहे. एस्टिमेटचा कागद, यूपीआयची नोंद, सर्व्हिस सेंटरचे बिल आणि कापलेल्या तारांची छायाचित्रे तिला जोडली आहेत, आणि सोमवारी ती दाखल करणार आहे.