दोन फुटी टाकीतला क्रेफिश: उन्हाळा, पूर आणि कात

आधी निकाल सांगतो. एकटाच क्रेफिश (गोड्या पाण्यातला, नांग्यांचा, लॉब्स्टरसारखा दिसणारा प्राणी), घट्ट झाकण आणि टाकीत सारखा हात न घालण्याचा संयम एवढं असेल तर हा प्राणी गोल्डफिशपेक्षा सोपा आहे. निळा क्रेफिश, भोवती हिरवी झाडं आणि वर गप्पींचा थवा असं चित्र डोक्यात असेल तर घेऊच नका. झाडं तो बुडातून कापतो, गप्पी रात्रीत उचलतो, आणि सोबत सिक्लिडसारखे मोठे, भांडखोर मासे ठेवले तर कात टाकल्यावर तेच त्याला फाडतात.

दुकानात सगळ्यांना सरसकट ‘लॉब्स्टर’ म्हणतात, म्हणून जात बघून घ्या. अमेरिकेतला प्रोकॅम्बारस क्लार्की साधारण 10–12 सेंमीचा होतो आणि कोल्हापूरचा उन्हाळा सोसतो. ऑस्ट्रेलियाचा रेडक्लॉ 20 सेंमीच्या पुढेही जातो, त्याला तीन फुटी टाकी लागते. रेडक्लॉच्या नराच्या नांगीच्या बाहेरच्या कडेवर लाल मऊ डाग असतो, त्यावरून ओळखू येतो. संगमरवरी नक्षीचा मार्बल्ड घेताना दोनदा विचार करा. त्यात सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय पिल्लं होतात, म्हणजे एक आणला तरी पुढे शेकडो.

क्लार्कीसाठी 24 × 12 × 15 इंचाची टाकी पुरते. पाणी काठापासून अडीच-तीन इंच खाली ठेवायचं, म्हणजे साधारण 60 लिटर बसतं. अंडरग्रॅव्हल फिल्टर (वाळूखाली प्लेट बसवलेला) इथे कुचकामी, कारण हा उकरत उकरत प्लेटपर्यंत जातो. एअर पंपावरचा स्पंज फिल्टर सगळ्यात भरवशाचा. स्पंज थोडा कुरतडला जातो, बदलून टाकायचा. फिल्टर 4–6 आठवडे आधी चालवून अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून होणारी विषं) शून्यावर आल्यावरच प्राणी सोडा. पळून जातो तो बहुतेक वेळा हवेच्या नळीवरून चढून, त्यामुळे झाकणात नळीपुरतंच भोक हवं. जमिनीवर सापडला आणि हलत असेल तर थेट खोल पाण्यात टाकू नका. आधी उथळ ट्रेमध्ये ठेवा, कल्ल्यांत अडकलेली हवा निघू द्या.

तळाला बारीक वाळू हवीच, ती शोभेची गोष्ट नाही. क्रेफिशच्या लहान मिशांच्या बुडाशी तोल सांभाळणारी पोकळी असते. कात टाकताना तिचं अस्तरही जातं आणि तो वाळूचे कण पुन्हा आत भरून घेतो. नुसत्या काचेवर किंवा मोठ्या गोट्यांवर ठेवला तर भरणार काय? लपायला कुंभार गल्लीतली बिनरंगाची मातीची कुंडी आडवी ठेवा किंवा दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा.

नळाचं पाणी बादलीत 24 तास ठेवून वापरलं तर क्लोरीन उडतो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नदीचं पाणी सहसा बोअरपेक्षा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, म्हणून पाणी तपासायचं किट आणून मोजा: पीएच 7 ते 8, जीएच (एकूण कठीणपणा) 6 अंशांच्या वर, केएच (कार्बोनेट कठीणपणा) 4 अंशांच्या वर. कमी भरलं तर समुद्रफेसाचा तुकडा उकळून टाका. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पहिले काही दिवस तरंगतो, मग बुडतो.

एप्रिल-मेमध्ये पाणी 30 अंशांवर गेलं की प्राणवायू कमी पडतो. पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. तेवढ्यापुरतं काचेच्या झाकणाऐवजी स्टीलची जाळी क्लिपांनी घट्ट बसवा. बर्फाची बाटली नको, एकदम उतरलेलं तापमान जास्त बाधतं. पावसाळ्यात अडचण वेगळीच. पंचगंगेची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली की नळ बंद पडतात, 2019 आणि 2021 ला तेच झालं. जुलै लागला की 40 लिटरचं पिंप भरून ठेवा आणि पुराच्या आठवड्यात खाणंच बंद करा. धडधाकट मोठा क्रेफिश आठवडाभर सहज उपाशी राहतो, घाणही कमी होते. वीज गेली तर पृष्ठभागापर्यंत पोचणारं लाकूड हवं. तो वर चढून कल्ले हवेत धरतो.

खरी परीक्षा कातीची. पिल्लं काही आठवड्यांनी कात टाकतात, मोठे वर्षातून दोन-चारदा. खाणं सुटतं, कुंडीतून बाहेर येत नाही, पाठीचं कवच आणि शेपटी यांच्यात फट दिसू लागते. मग कुशीवर पडून त्याच फटीतून बाहेर निघतो. मेला समजून त्याला ढोसायचं नाही. सुटलेली कातही काढायची नाही, तीच खाऊन तो कॅल्शियम भरून काढतो. पुढचे तीन-चार दिवस अंग मऊ असतं. खाणं बंद, पाणी बदलणं बंद. नांगी अडकून मरतो त्यामागे बहुतेक वेळा मऊ पाणी किंवा अचानक केलेला मोठा बदल असतो. नांगी तुटली तर घाबरू नका, दोन-तीन कातींत परत येते.

खायला रोज संध्याकाळी एक-दोन बुडणाऱ्या गोळ्या, आठवड्यातून दोनदा उकडलेला दोडका किंवा सोललेला मटार, आणि देशी बदामाचं वाळलेलं पान कायम. दोन तासांनी उरलेलं काढा. नुसतं सुकट-गांडुळावर ठेवू नका.

आजारापेक्षा घरातल्या सवयींनी जास्त मरतात. डासांच्या लिक्विडमधला पायरेथ्रॉइड कवचधारी प्राण्यांना विष आहे, आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. टाकीच्या खोलीत लिक्विड, झुरळांचा खडू, फवारणी काहीही नको. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या औषधात बऱ्याचदा तांबं असतं, तेही तितकंच घातक.

भारतात मूळचा क्रेफिश नाही, म्हणून नको झालेला रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडायचा नाही. तो बांधात बिळं करतो, आणि मार्बल्ड मादागास्करच्या भातशेतीत कसा पसरला ते जगजाहीर आहे. पाळणाऱ्या माणसालाच द्या. पिल्लं काही मिलिमीटरचीच असतात, तेव्हा सायफनचं, म्हणजे नळीने ओढून काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. सुती फडक्यातून गाळून झाडांना घाला.