जागलीच्या वावरात वायफायचं जाळं: एओडीव्ही, ओएलएसआर की बॅटमन?

पऱ्हाटी-तुरीत रानडुकरं शिरू नयेत म्हणून रात्रभर जागल, आणि टॉवरची रेंज गावातच संपते. चार धुऱ्यांवरच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मचाणांवर सोलरचे राउटर बसवायचे ठरवलं असेल, तर आत कोणतं राउटिंग (निरोप कोणत्या राउटरमार्गे जाईल ते ठरवणारी पद्धत) ठेवायचं ते आधी ठरवा. अशा तीन पद्धती पाहू.

एओडीव्ही (इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज आरएफसी 3561, 2003) गरज पडेल तेव्हाच वाट शोधतो. कोणी बोलत नसताना हवेत फारशी गडबड नाही, बॅटरी वाचते. पण पहिल्या बोलण्याला उशीर होतो, आणि मधला नोड (जाळ्यातला राउटर) गेला की शोध पुन्हा पहिल्यापासून. नोड सतत फिरत असतील तर तत्त्वतः चांगला. राउटरवर चालणारी, कोणी सांभाळत असलेली तयार मांडणी मिळणं मात्र कठीण.

ओएलएसआर (आरएफसी 3626, तेही 2003) वाटा आधीच तयार ठेवतो. मूळ मांडणीत दर 2 सेकंदांनी शेजाऱ्यांना हाक, दर 5 सेकंदांनी जाळ्याचा नकाशा. दहा-पंधरा नोडांना हा खर्च किरकोळ आहे.

बॅटमन-अ‍ॅडव्ह (पुढे नुसतं बॅटमन) 2011 पासून लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. इथे पूर्ण नकाशा कोणाकडेच नसतो. त्या दिशेला कोणता शेजारी बरा, एवढंच प्रत्येक नोडला ठाऊक. सगळं जाळं एकाच मोठ्या स्विचसारखं (अनेक यंत्रं एकत्र जोडणाऱ्या डब्यासारखं) वागतं, म्हणून फोन या मचाणावरून त्या मचाणावर गेला तरी त्याचा पत्ता तोच राहतो. मला इथेच निकाल बॅटमनच्या बाजूने लागलेला दिसतो. साध्या अँड्रॉइड फोनला अ‍ॅड-हॉक मोड (राउटरशिवाय थेट एकमेकांशी जोडणं) मिळत नाही, म्हणून तो स्वतः नोड होत नाही. म्हणजे फिरतो तो फोन, नोड जागेवरच.

आता भाराचं. कमीत कमी टप्प्यांची वाट निवडली की सगळी वर्दळ मधल्या मचाणावरून जाते. त्याचीच बॅटरी आधी उतरते, आणि ऐन पहाटे जाळ्याचे दोन तुकडे होतात. रांगेत किती पॅकेट (माहितीचे तुकडे) साचलीत हे तिघांपैकी कोणीच मूळ रूपात पाहत नाही. गर्दीच्या नोडने नवी विचारणा गाळावी, दोन वाटांवर भार वाटावा, असे उपाय एओडीव्हीच्या सुधारित रूपांत आहेत. पण दोन्ही वाटा एकाच वावरातून, एकाच चॅनेलवर असतील तर एक बोलते तेव्हा दुसरी थांबते. एका रेडिओवर तसाही दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा मधल्या मचाणावर मोठी बॅटरी आणि वेगळ्या चॅनेलचा दुसरा रेडिओ बसवा. इंटरनेट हवं असेल तर गावाच्या दोन टोकांना दोन गेटवे (जाळं इंटरनेटला जोडणारे नोड) ठेवा. बॅटमनमध्ये गेटवे निवडायची सोय आहे.

अँटेना मात्र जून महिन्यातलं मोकळं वावर पाहून लावू नका. दिवाळीपर्यंत तूर डोक्याएवढी होते, आणि ओला पाला 2.4 गिगाहर्ट्‌झचा सिग्नल खातो. तेव्हा कोणताही प्रोटोकॉल कामाचा नाही. जीपवर किंवा बोटीवर राउटरच फिरणार असेल तर हा सल्ला सोडा, तिथे ओएलएसआर आणि बॅटमन दोन्ही चालवून पाहा.