शिमल्यात राहायचं कुठे? आधी पायऱ्या विचारा

"मॉल रोडपासून पाच मिनिटं, सर." हॉटेलवाला फोनवर म्हणाला होता आणि ते खरंच होतं. पाच मिनिटं वर की पाच मिनिटं खाली, हे विचारायचं आम्हालाच सुचलं नाही. पार्ल्यात राहणाऱ्याला कसं सुचेल? आमच्याकडे चढ म्हणजे स्टेशनचा पूल, आणि त्यालाही आता सरकता जिना आहे.

संध्याकाळी सहाला टॅक्सीने कार्ट रोडवर उतरवलं. मी, बायको, नऊ वर्षांची लेक, एकाहत्तर वर्षांची आई आणि चार बॅगा. समोर दोन दुकानांच्या फटीतून एक दगडी जिना वर चाललेला, शेवट दिसेना. एका काश्मिरी हमालाने (शिमल्यात त्यांना सगळे 'खान'च म्हणतात) दोन मोठ्या बॅगा दोराने पाठीला बांधल्या आणि तो दिसेनासा झाला. आम्ही वर पोचलो तेव्हा तो हॉटेलच्या दारात बसून विडी संपवत होता. दुसऱ्या दिवशी उतरताना मी मोजल्या, एकशे चौऱ्यांशी पायऱ्या. आई एवढंच म्हणाली, "गिरगावात तीन मजले चाळीस वर्षं चढले. पण तिथे प्रत्येक मजल्यावर टेकायला कठडा होता."

यंदा मावसबहिणीचा डोंबिवलीहून फोन आला. "दादा, शिमल्याला चाललोय. सासू-सासरे आहेत, दोन्ही मुलं आहेत. मॉल रोडजवळच घेऊ ना? सगळे तेच सांगतात." तिला जे तासभर सांगितलं, ते इथे नीट मांडून ठेवतो.

पहिली गोष्ट, शिमल्याचा नकाशा सपाट समजून वाचू नका. शहर साधारण २,२०० मीटर उंचीवर, डोंगराच्या धारेवर पसरलेलं आहे आणि मजल्यामजल्यांनी उतरतं. सर्वात वर रिजचं पटांगण आणि पिवळट रंगाचं ख्राइस्ट चर्च. त्याच्या जरा खाली मॉल रोड. त्याखाली मिडल बझार, मग लोअर बझार, आणि तळाला कार्ट रोड. टॅक्सी, बस, तुमची भाड्याची गाडी, सगळं त्या तळमजल्यावर. मॉल आणि रिजवर खासगी गाड्यांना बंदीच आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन वगैरे सोडलं तर सगळा कारभार पायी. म्हणजे मोबाइलवर दोनशे मीटर दिसणारी दोन ठिकाणं प्रत्यक्षात आठ मजल्यांच्या अंतरावर असू शकतात. 'मॉलपासून किती लांब' यापेक्षा 'गाडी जिथे सोडेल तिथून दारापर्यंत किती पायऱ्या' हा प्रश्न इथे जास्त कामाचा.

मॉल आणि रिज

फायदा उघड आहे. गेयटी थिएटर, इंडियन कॉफी हाउस, दुकानं, संध्याकाळची गर्दी, सगळं दाराशी. रात्री जेवून, मॉल आणि रिज जिथे मिळतात त्या स्कँडल पॉइंटपर्यंत फिरून यायचं, लेकीने आइस्क्रीम मागायचं, आपण 'एवढ्या थंडीत?' म्हणायचं आणि घेऊन द्यायचं, ही मजा दुसरीकडे राहून मिळत नाही. गाड्याच नसल्यामुळे लहान मुलांना मोकळं सोडता येतं. मुंबईकर आईबापासाठी ही केवढी मोठी चैन आहे ते वेगळं सांगायला नको.

पण पैसे जास्त, खोल्या बऱ्याचदा जुन्या आणि अंगठ्याएवढ्या. मे-जूनच्या शनिवार-रविवारी तर गणपतीतला दादर कबुतरखाना बरा वाटावा अशी झुंबड. कार्ट रोडवरून वर यायला लिफ्ट आहे, उच्च न्यायालयाच्या बाजूला. एक लिफ्ट संपते, मग बोळातून चालायचं, मग दुसरी लिफ्ट. गर्दीच्या दिवसांत तिकिटाला रांग लागते आणि रात्री ती बंद होते. तुमचं हॉटेल लिफ्टच्या वरच्या तोंडाजवळ असेल तर ज्येष्ठांनाही मॉल झेपतो. ते रिजच्या पलीकडच्या टोकाला असेल तर लिफ्टचा उपयोग अर्धाच.

'मॉल रोड' नावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी खोल्या खरं तर मिडल किंवा लोअर बझारात असतात. आमचं तेच झालं होतं. लोअर बझार वाईट नाही हं. मला तर तोच भाग खरा शिमला वाटतो. भाजी, भांडी, लोकरी मोजे, तव्यावरच्या टिक्क्या, सगळं मॉलपेक्षा स्वस्त. एकट्याने किंवा मित्रांबरोबर पाठीवर सॅक टाकून जाणार असाल तर खुशाल तिथे राहा. चाकाच्या बॅगा घेऊन मात्र नको. त्या चाकांना तिथे काही काम नाही.

लक्कड बझार

रिजच्या मागच्या, उत्तरेकडच्या उतारावर. लाकडी खेळणी आणि काठ्यांच्या दुकानांवरून नाव पडलेलं. भाडं मॉलपेक्षा कमी, रिज जवळ, आणि हवा स्वच्छ असली की खिडकीतून लांबच्या हिमशिखरांची रांग. आयजीएमसी हे मोठं सरकारी रुग्णालय इथून संजौलीच्या रस्त्यावर आहे, ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

अडचण एकच, ऊन. याच बाजूला खाली १९२० पासून बर्फावर स्केटिंगचं मैदान भरतं, आणि तिथला बर्फ यंत्राने नाही, थंडीने जमतो, कारण डोंगराची सावली तिथून हलत नाही. जिथे पाण्याचा आपोआप बर्फ होतो त्या उतारावर जानेवारीत खोली घ्यायची तर हीटरचं आधीच बोलून ठेवा. हीटरचे पैसे वेगळे लावायची पद्धत शिमल्यात बरीच आहे. रस्त्यावर गोठलेल्या थरावरून पाय सटकतो तोही इथेच जास्त. मे महिन्यात मात्र हीच बाजू छान गार.

चौडा मैदान

माझं मत विचाराल तर सरळ इथे. मॉल रोड पश्चिमेकडे जात राहतो, महालेखापालांचं कार्यालय असलेला गॉर्टन कॅसल आणि विधानसभा ओलांडतो आणि चौडा मैदानात पोचतो. शिमल्याच्या मानाने हा रस्ता जवळजवळ सपाट आहे, बाजूला देवदार, गर्दी कमी. रमतगमत अर्ध्या तासात स्कँडल पॉइंट. मुख्य म्हणजे टॅक्सी इथे हॉटेलपाशी येते. सेसिलसारखं महागडं हॉटेल आहे, सरकारी पीटरहॉफ आहे, आणि आसपास मध्यम दराच्या खोल्याही मिळतात.

दुसऱ्या खेपेला आम्ही इथे राहिलो. सकाळी सातला आई एकटी शाल गुंडाळून बाहेर पडली आणि पाऊण तासाने परतली ती खूश होऊन. कोणाचा हात धरावा लागला नव्हता. पुढे अर्धा तास चालत किंवा टॅक्सीने व्हाइसरॉयचा जुना महाल, १८८८ मध्ये बांधून झालेला. १९४५ ची शिमला परिषद तिथेच भरली. आता तिथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. बाग बघायलाच दोन तास हवेत. राज्य संग्रहालयही हाकेच्या अंतरावर, फक्त शेवटचा चढ खडा आहे.

उणं काय? रात्री आठनंतर सामसूम. खायला पर्याय मोजके. आणि संध्याकाळी मॉलवर रमलात की परतीची दोन किलोमीटर पायपीट अंधारात. मुलं पेंगुळलेली असली की ती चारसारखी लांबते.

छोटा शिमला, न्यू शिमला, संजौली

हे तिन्ही एकत्रच घेतो, कारण तिथे मुळात शिमलेकर राहतात, पर्यटक नाही. छोट्या शिमल्यात सचिवालय आहे, न्यू शिमला म्हणजे नव्या इमारतींची वसाहत, आणि संजौली म्हणजे आपलं कल्याण-डोंबिवली: दाट वस्ती, विद्यार्थी, स्वस्त खाणावळी, रस्त्यावर सतत हॉर्न. फ्लॅट भाड्याने घेऊन आठवडाभर राहायचं असेल, स्वयंपाकघर हवं असेल, तर इथे बघा. तीन-चार दिवसांच्या सहलीला रोज बस किंवा टॅक्सीने मॉलखाली यायचं आणि लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं, त्यात वाचवलेले पैसे वसूल होत नाहीत. अपवाद छोट्या शिमल्याचा: तिथून मॉलकडे चालत येणारा रस्ता झाडीतला आहे आणि वाटेत बार्न्स कोर्ट लागतं, जिथे १९७२ चा शिमला करार झाला.

समर हिल

विद्यापीठाचा भाग. कालकाहून येणाऱ्या छोट्या गाडीचं शिमल्याच्या आधीचं स्टेशन. शांत, हिरवं, आणि राहायची सोय फारच थोडी. आगगाडीचं वेड असलेल्यांनी संध्याकाळी त्या स्टेशनावर बाकावर बसून यावं, तेवढं पुरे. पावसाळ्यात या बाजूला जपून. ऑगस्ट २०२३ मध्ये इथे दरड कोसळून शिवमंदिर गाडलं गेलं, माणसं गेली, आणि रेल्वेचा रूळ अधांतरी लोंबकळत राहिला. जुलै-ऑगस्टमध्ये शिमल्यातल्या कुठल्याही उतारावर खोली घेण्यापेक्षा ते पैसे ऑक्टोबरसाठी राखून ठेवा.

मशोबरा आणि कुफरी

'गर्दी नको, जंगल हवं' म्हणणाऱ्यांना एजंट हमखास इकडे पाठवतात. मशोबरा शहरापासून दहा-बारा किलोमीटर. देवदाराचं राखीव जंगल, सफरचंदाच्या बागा, राष्ट्रपतींचं उन्हाळी निवासस्थान. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला किंवा पुस्तकांची पिशवी घेऊन जाणाऱ्याला याहून चांगली जागा नाही. हॉटेलात सिड्डू मिळतो का विचारा. गव्हाचं आंबवलेलं पीठ, आत अक्रोड किंवा खसखशीचं सारण, वाफवलेला, वर तुपाची धार. लेक त्याला 'पंजाबी मोदक' म्हणाली; पंजाबी नाही हे समजावत बसलो नाही.

पण मशोबऱ्यात राहून रोज शिमला बघू, हा बेत करू नका. वाटेत ढल्लीजवळ गाड्या अडकल्या की घोडबंदर रोडची आठवण येते, फक्त इथे खिडकीखाली दरी. शिवाय जेवण हॉटेलात देतील तेच आणि त्या भावात.

कुफरीबद्दल थोडक्यात: बर्फ पडला असेल तर दिवसाची फेरी ठीक. मुक्कामाला नको. पर्यटकांना फिरवणाऱ्या खेचरांच्या वाटेवरचा चिखल सुकलेला असेल तर धूळ, ओला असेल तर घसरगुंडी.

आता पोचायचं कसं त्यावरही जागा ठरते. मुंबईहून विमानाने चंडीगड आणि पुढे टॅक्सी केलीत तर चार तासांत थेट चौडा मैदान किंवा मशोबऱ्याच्या दारात उतरता. कालकाहून १९०३ ची छोटी रेल्वे धरलीत (९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे, पाच तासांहून जास्त, आणि एकदा तरी जावंच) तर शिमला स्टेशनवर उतराल. ते मॉलच्या बरंच खाली आहे. तिथून 'चालतच जाऊ, जवळच दिसतंय' असं घरातला जो कोणी म्हणेल त्याच्याकडे सगळ्या बॅगा द्याव्यात.

फोनवर हॉटेलला आणखी तीन गोष्टी विचारा. खोलीची खिडकी कुठल्या दिशेला: हिवाळ्यात दक्षिण हवी. पाणी चोवीस तास आहे का: मे-जून २०१८ मध्ये शिमल्यात टंचाईने लोक टँकरपुढे रांगेत उभे होते, आणि उन्हाळ्यात हा प्रश्न विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि बाल्कनी असेल तर माकडांचं काय. जाखू टेकडीवरच्या १०८ फुटी हनुमानाच्या खालची फौज चष्मे पळवण्यात तरबेज आहे, आणि ती फक्त देवळापुरती राहत नाही. सासऱ्यांचा जादा चष्मा बॅगेत टाक, असं मावसबहिणीला बजावलंय.

तिला सांगितलं ते असं: सासू-सासरे बरोबर आहेत, तर तीन रात्री चौडा मैदान. मुलांना गजबज हवी, तर शेवटची एक रात्र लिफ्टच्या वरच्या तोंडाशी असलेल्या मॉलवरच्या हॉटेलात, पण शनिवार टाळून. दोघंच नवरा-बायको जाणार असता तर मशोबरा म्हणालो असतो.

परवा तिने चौडा मैदानातल्या एका हॉटेलात फोन लावला आणि पहिला प्रश्न टाकला, टॅक्सीपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? पलीकडे शांतता. मग तो माणूस म्हणाला, "मॅडम, ये तो किसी ने पूछा नहीं. गिनकर बताता हूँ." दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. बावीस. मधे एक बाक पण आहे म्हणाला.